ढील सरांची 'अ' श्रेणी

आमच्या शाळेत शिक्षक दोनच प्रकारचे होते. एक मी आणि एक ढील सर. बाकीचे सगळे मधले.

मी गणित शिकवायचे. मुलं मला 'फुली बाई' म्हणायची, कारण माझ्या लाल पेनातून बरोबरच्या खुणेपेक्षा फुल्याच जास्त निघायच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चुकलं तर चुकलं, त्यात लाडीगोडी कसली? सरांचा विषय ड्रिल. वेळापत्रकात 'ड्रिल' असायचं, मुलं 'ढील' म्हणायची, आणि हे नाव त्यांना असं काही चिकटलं की ऑफिसातला क्लार्कसुद्धा व्हरांड्यातून "ओ ढील सर, सही राहिली!" म्हणून हाक मारायचा. सर हसत यायचे, सही करून जायचे. राग नावाची वस्तू त्या माणसात घालायची देव विसरलाच होता.

उंच, थोडे वाकलेले. गुडघ्यावर विटलेली एकच निळी ट्रॅकपँट. गळ्यात शिट्टी, आणि खिशात सेफ्टी पिनांचा जुडगा, कारण पळताना कुणाची तरी चड्डी हमखास उसवायची आणि ते पोर रडायला लागायचं. सर त्याला भिंतीच्या आडोशाला नेऊन पिना लावून द्यायचे आणि वर म्हणायचे, "कपडा फाटला म्हणजे वेग होता बघ तुझ्यात."

त्यांच्या हाताखाली कुणी नापास झालं नाही, हे तर सोडाच. कुणाला 'ब' सुद्धा मिळाली नाही. सगळ्यांना 'अ'. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी वाकून बांधता येत नव्हती त्यालाही 'अ', आणि जो वर्षभर पोटदुखीचं सोंग करून पायरीवर बसला त्यालाही 'अ'. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो सर, पाची बोटं कधी सारखी असतात का?"

"नसतात बाई," सर म्हणाले, "पण करंगळीला कुणी हाताबाहेर काढत नाही."

कप्पाळ! मी वह्या तपासायला घेतल्या.

पुढे कधीतरी, ड्रिलच्या सामानाच्या खोलीत चहा पिताना, त्यांनी मला कारण सांगितलं. ती खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. रबराचा वास, हवा गेलेले बॉल, गुंता झालेल्या दोऱ्या. तरुणपणी सर पळायचे. नुसते पळायचे नाहीत, देशाच्या संघाच्या निवडीपर्यंत पोचले होते. तीन जण घ्यायचे होते, सर चौथे आले. निवडणारा माणूस रांगेसमोरून बोट दाखवत गेला, "तू, तू, तू," आणि सरांपाशी येऊन म्हणाला, "तू नाही." एवढंच. त्यानंतर सर पुन्हा स्पर्धेत उतरलेच नाहीत.

"वडील म्हणाले, पळून पळून शेवटी कुठे पोचलास? घरीच ना?" सर हसून सांगत होते, पण कप हातात तसाच राहिला होता. "मग ठरवलं, आपल्या मैदानावर कुणाला 'तू नाही' म्हणायचं नाही. बाकी जग आहेच की म्हणायला."

मला त्या दिवशी त्यांची दया आली, हे खरं. पण पटलं मात्र नाही.

आता बारकीचं सांगते. शाळेत झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि घंटा देणाऱ्या ज्या मावशी होत्या, त्यांची ही एकुलती एक मुलगी. नवरा मावशींना केव्हाच सोडून गेला होता. ही पोर जन्मापासून छातीनं अधू. दमा. औषधाचा पंप कायम मुठीत. थंडी पडली की तिच्या श्वासाची शीळ वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायची. जिना चढायचा तर मधे एकदा बसायचीच. अंगानं इतकी किरकोळ की नाव काय होतं ते हजेरीपुरतंच, बाकी सगळ्यांची बारकी.

ड्रिलच्या तासाला सरांनी तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं होतं. इतर पोरं पळायची आणि ही भिंतीजवळ उभी राहून खणखणीत आवाजात वेळ सांगायची. सगळे तिच्याकडे धावत यायचे, "माझी किती? बारके, माझी किती?" त्या एका तासाला त्या पोरीची मान अशी काही ताठ असायची! आणि वर्षाअखेरीला तिलाही 'अ'. मी विचारलं तर सर म्हणाले, "तिच्याशिवाय पळण्याला काही अर्थ होता का?"

गणितात मात्र तिला कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. माझ्या हातून पैकीच्या पैकी मार्क मिळालेली पोरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, त्यात ती होती. कॉलेजात जाऊन पुढे गणितच शिकायचं हे खूळ तिच्या डोक्यात मीच घातलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

ती शेवटच्या वर्षाला असताना, परीक्षा संपल्या संपल्या, देशाच्या प्रमुखांचं भाषण झालं. मोठे साहेब म्हणायचे लोक त्यांना. शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला, पोरांना मांडी घालून बसवलं, आम्ही शिक्षक मागे खुर्च्यांवर. साहेब बोलायला पक्के. कागद नाही, अडखळणं नाही. म्हणाले, ज्या देशाची हद्द राखलेली नाही त्या देशातल्या शाळेला भिंती असून उपयोग नाही. म्हणाले, आपण मुलांच्या पाठीवर नुसती पुस्तकं लादली आणि पाठी वाकवल्या, आता त्या ताठ करायच्या आहेत. यापुढे आधी दोन वर्षं सैन्यात सेवा, मग कॉलेज. मुलगा असो, मुलगी असो. "जो देश राखेल, त्यालाच देश शिकवेल," असं म्हणून ते थांबले, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू? आदल्याच वर्षी सरहद्दीवरची गावं जळाली होती, भीती सगळ्यांच्याच पोटात होती. आणि आजकालची पोरं मऊ झालीत हे मी स्वतः रोज ओरडत होते. कुणीतरी शिस्त लावतंय म्हटल्यावर मला बरंच वाटलं. शेजारी सर बसले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग साहेबांनी शेवटचं सांगितलं. कोण कुठे जाणार हे कसं ठरवायचं? लाखो मुलांची चाचणी घ्यायला वेळ नाही. "पण मुलाला त्याच्या शिक्षकापेक्षा जास्त कोण ओळखतं? माझा शिक्षकांवर विश्वास आहे." म्हणून शाळेतली ड्रिलची श्रेणी तीच सैन्याची श्रेणी. 'अ' वाले सरळ सरहद्दीवर. 'ब' वाले कोठारांवर, पुलांवर. 'क' वाले कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत. 'ड' वाल्यांना सेवा माफ, पण कॉलेजही नाही. आणि जे कुठल्याही विषयात नापास, त्यांनी वर्ष पुन्हा करायचं, तोवर त्यांना बोलावणं नाही.

मी सरांकडे पाहिलं. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते, चेहऱ्यावर कौतुक. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ड्रिलच्या मास्तरांचं नाव घेतलं होतं, त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं?

आणि पुढच्या भाषणात तर कहरच झाला. साहेबांनी आमच्या शाळेचंच नाव घेतलं! म्हणे एक साधी शाळा, पण तिथली झाडून सगळी मुलं 'अ' श्रेणीत. अशा शाळा मला गावोगावी हव्यात. झालं. मुख्याध्यापकांना आभाळ ठेंगणं. हॉलमध्ये सरांचा सत्कार झाला, ढाल मिळाली, फोटो निघाला. त्या फोटोत सरांनी पहिल्यांदाच ट्रॅकपँट सोडून फुलपँट घातली होती, आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे उभे होते. मी त्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, "सर, ढाल भिंतीवर लावा, पण सगळी पोरं सरहद्दीवर जाणार आहेत, हे लक्षात आलंय का तुमच्या?"

ते म्हणाले, "सगळी कशी जातील, बाई? काहींना तर पळताच येत नाही."

"हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले आणि त्यांना खुर्ची दिली.

बोलावण्याच्या चिठ्ठ्या घरोघरी आल्या. बारकीलाही आली. आता नवलाची गोष्ट ऐका. ज्या पोरांना मी गणितात नापास केलं होतं, ती घरी राहिली. ज्यांच्या आयांनी मला भर रस्त्यात कैदाशीण म्हटलं होतं, त्याच आया दारात येऊन हात जोडून गेल्या. एकीनं तर विचारलं, "बाई, धाकटीला पण करता येईल का हो नापास?" मी दार लावून घेतलं. आयुष्यभर पोरांना रडवलं ते माझ्या पदरी पुण्य म्हणून पडलं, आणि ज्यानं पोरांना कधी दुखवलं नाही त्याच्या पदरी हे असं. याला न्याय म्हणायचा का? मी तर नाही म्हणत.

मावशी सरांकडे आल्या तेव्हा मी त्या जिन्याखालच्या खोलीतच होते. हातात केरसुणी तशीच. त्या आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"सर, माझ्या पोरीला 'ड' द्या."

"मावशी, ड मिळाली तर कॉलेज..."

"चुलीत घाला ते कॉलेज! नाही शिकली तर झाडू मारील माझ्यासारखी. श्वास चालू राहिला म्हणजे झालं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही तिला 'अ' देत होता तेव्हा मी तुम्हाला देवमाणूस म्हणत होते, सर. घरी येऊन ती मला कार्ड दाखवायची. मी म्हणायचे, बघ, सरांना कळतं. मला काय माहीत होतं?"

मावशी गेल्यावर सर बराच वेळ एका दोरीची गाठ सोडवत बसले, आणि ती सुटली नाही तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली. म्हणाले, "मी लिहून देणार, बाई. सगळ्या श्रेणी खोट्या दिल्या म्हणून."

त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. दोन खोल्यांचं घर, ढाल टीव्हीच्या वर ठेवलेली. वहिनी तापलेल्या होत्या. "तुम्ही तरी समजवा यांना. निवृत्तीला उरलंय काय? नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर तुरुंग. आणि लिहून देऊन सगळी पोरं परत येणार आहेत का? अहो, मी काय त्या पोरीची वैरी आहे? पण आपलं घर जाळून दुसऱ्याला ऊब कशाला?"

"एक तरी राहील," सर म्हणाले.

"आणि आपण?"

वहिनी रडायला लागल्या, मग उठून डोळे पुसून त्यांनीच सरांची फुलपँट इस्त्रीला काढली. लग्नाला इतकी वर्षं झालेली, हा माणूस कुठे मऊ आहे आणि कुठे नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सेवा कचेरीत मी सोबत गेले. तिथला अधिकारी पोरगेलाच, पण बोलणं आदबीचं. आम्हाला पाणी दिलं. सरांचा कागद त्यानं दोनदा वाचला.

"सर, एक सांगा. तुम्ही तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"पोरांना बरं वाटावं म्हणून."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसेल, पण तो हसला नाही. "म्हणजे सगळी बॅच?"

"सगळी. सगळ्यांना परत तपासा. पाया पडतो तुमच्या."

"अहो, काय करताय? तुमच्या शाळेचं नाव साहेबांनी स्वतः घेतलंय. आता मी वर कळवू की साहेबांना फसवलं?" त्यानं सरांचा कागद पुन्हा उचलला. "सगळ्यांचं विसरा. यात लिहिलंय त्या आजारी मुलीचं बोला."

मावशींनी डॉक्टरांचा कागद दिला होता, तो मी पुढे केला. त्यानं हात लावला नाही. म्हणाला, चिठ्ठ्या गेल्यापासून घरटी एकाला दमा झालाय. शेवटी त्यानं तोड काढली. तो स्वतः येणार, आमच्याच मैदानावर, बारकीनं सहा फेऱ्या पळायच्या. पुऱ्या झाल्या तर 'अ' कायम, आणि सरांचा कागद तो फाडून टाकणार. नाही झाल्या तर तिला 'ड', आणि खोटी श्रेणी दिल्याबद्दल सरांची चौकशी. नोकरीवर गदा येणार हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं.

"कबूल," सर ताबडतोब म्हणाले. बाहेर आल्यावर ते चक्क हसले. "सुटली हो, बाई! ती एक फेरी पण करणार नाही."

मला पण हायसं वाटलं. सहा फेऱ्या! अहो, जिना चढवत नाही पोरीला.

शाळेत अशा गोष्टींचा बभ्रा व्हायला वेळ लागत नाही. सरांनी लिहून दिलंय की आमच्या सगळ्यांच्या 'अ' खोट्या आहेत, हे पोरांच्या कानावर गेलंच. मुख्याध्यापकांनी सरांशी बोलणं टाकलं. पण सगळ्यात वाईट झालं ते वेगळंच. सरहद्दीवर निघालेला एक मुलगा, तोच, बुटाची नाडी बांधता न येणारा, शाळेत आला. केस बारीक कापलेले, बूट नवे, नाडी कशीबशी बांधलेली. त्यानं सरांना विचारलं, "सर, म्हणजे मी काहीच नव्हतो का?" सरांनी त्याला जवळ घेतलं, वाकून त्याची नाडी नीट बांधून दिली, आणि तो उत्तराशिवायच गाडीत बसून गेला.

मैदानावरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बारकी माझ्या घरी आली. आली की एरवी वही उघडून बसायची, त्या दिवशी नुसतीच बसली.

"बाई, ड मिळाली की कॉलेज नाहीच ना?"

"नाही. पण मी आहे ना. घरी ये, जेवढं मला येतं तेवढं शिकवीन."

"आणि सरांची नोकरी?"

"सरांचं सर बघतील. तू फक्त एक कर. अर्धी फेरी पळ आणि खाली बस. कुणाला दाखवायला जाऊ नकोस."

"सरांनी खरंच लिहिलंय का, की माझी 'अ' खोटी होती?"

"तुझ्यासाठीच लिहिलंय, बाळा."

"बरं," ती म्हणाली. चहा प्यायली आणि गेली. तीन बाकांवरून कॉपी पकडणारी मी, त्या 'बरं' मध्ये मला काही म्हणजे काही दिसलं नाही. आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी ठरवलं होतं. तिला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी मैदानावर आम्ही मोजकेच होतो. अधिकारी हातात स्टॉपवॉच घेऊन, सर, मी, आणि कुंपणाजवळ मावशी पंप घेऊन. मावशी तर निवांत होत्या. मला म्हणाल्या, "आटपलं की चहा टाकते सगळ्यांना." अधिकाऱ्यानं सरांना बजावलं, मधे पडायचं नाही.

बारकी पळायला लागली. हळू, पण पळायला लागली. अर्धी फेरी झाली, ती बसली नाही. एक फेरी झाली. मावशी कुंपण सोडून पुढे आल्या. "अगं, बस की आता!" दुसरी झाली, आणि तिची ती शीळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू यायला लागली.

"हिला झालंय काय?" मी म्हटलं. सरांना माझ्या आधी कळलं होतं.

तिसऱ्या फेरीला तिचे ओठ निळसर दिसत होते. ती जरा चालत होती, जरा पळत होती, पण थांबत नव्हती. सरांना राहवलं नाही. ते धावत मैदानात घुसले आणि दोन्ही हात पसरून तिच्या वाटेत उभे राहिले. "थांब! बारके, थांब, माझी शपथ आहे तुला!" आणि ती पोर त्यांच्या हाताखालून वाकून निसटली, आणि निसटताना हसली. होय, हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला पळताना अडवत होतं. अधिकारी ओरडला, "सर, बाहेर या, नाहीतर सगळं रद्द करीन," आणि सर मैदानाच्या मधोमध तसेच उभे राहिले, ती फिरेल तसे तोंड फिरवत.

चौथी, पाचवी कशी गेली ते मी पाहिलं नाही. मी मावशींना धरून होते. त्या आता ओरडतही नव्हत्या, नुसत्या माझ्या दंडात नखं रुतवत होत्या. मी देवाला म्हटलं, पाड तिला, आत्ताच्या आत्ता पाड. असली प्रार्थना मी कधी केली नव्हती, आणि ती ऐकली गेली नाही.

सहावी फेरी तिनं पुरी केली. रेघेच्या पलीकडे जाऊन मगच गुडघ्यांवर पडली. मावशींनी धावत जाऊन पंप तोंडाला लावला, पाठ चोळली, तिला मांडीवर घेतलं. किती तरी वेळानं श्वास जरा माणसासारखा व्हायला लागला. अधिकाऱ्यानं खिशातून सरांचा कागद काढला, फाडला, आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "उगाच घाबरलात सर. तुमची श्रेणी बरोबर होती." तो मनापासून म्हणत होता, त्याला खरंच आनंद झाला होता. मग त्यानं बारकीला सलाम केला. गाडी सोमवारी येईल म्हणाला, आणि गेला.

बारकीनं आईच्या मांडीवरून डोकं उचललं. घाम, धूळ, ओठांवर अजून निळेपणा. सर तिच्यासमोर मातीत बसले होते.

"बघा सर," ती म्हणाली. मधे श्वास घेतला. "खोटं नव्हतं ना ते?"

मावशी सरांकडे बघत होत्या. मीही बघत होते. एका शब्दाचा प्रश्न होता. सर 'होतं' म्हणाले असते तर पोरीचं काळीज फुटलं असतं, आणि 'नव्हतं' म्हणाले तर तिच्या आईचं.

सरांनी तिच्या कपाळावर चिकटलेले केस बाजूला केले.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझी 'अ'च होती."